जुनं घेताना: वापरलेले कपडे आणि वस्तू यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल, पुस्तकांची दोन कपाटं, तांब्याचा बंब, लेकीची पहिली सायकल, माझ्या निम्म्या सुती साड्या आणि नवऱ्याचा थंडीतला कोट हे सगळं आमच्याआधी कुणाच्या तरी घरात होतं. घरी आलेलं माणूस हे ऐकलं की प्रश्न विचारतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहिली आहेत. मी पुण्यात राहते, त्यामुळे पुण्याचं थोडं जास्त येईल, पण तपासायच्या पद्धती कुठेही त्याच.

दुसऱ्याने वापरलेला कपडा अंगावर घालायला कसंतरीच वाटतं. तुम्हाला नाही वाटत?

आपल्या अंगाला लागलेलं पहिलं कापड जुनंच होतं. कोरं कापड बाळाला टोचतं, म्हणून आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि लंगोट शिवायचे, झबली मामेभावाची, टोपडं मावसबहिणीचं. गोधडी तर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांचीच. माझ्या आजीच्या गोधडीत आजोबांच्या धोतराचा पट्टा कुठला आणि आत्याच्या परकराचा कुठला, हे आम्ही मुलं बोट ठेवून सांगायचो.

तुम्ही म्हणाल, ती घरची माणसं होती. खरं आहे. पण लॉजवर आपण परक्याने वापरलेल्या चादरीवर झोपतो, दुकानात आधी दहा जणींनी अंगाला लावून पाहिलेला कुर्ता नवा म्हणून घेतो आणि न धुता घालतो. संकोच असतो तो कापडाचा कमी आणि ‘लोक काय म्हणतील’ याचा जास्त. पहिल्यांदा शाल, ओढणी किंवा जाकीट घ्या, अंगाला थेट न लागणारं काहीतरी. घरी आणून धुवा, उन्हात वाळवा, इस्त्री करा. दोनदा घातलं की ते तुमचं होतं.

खरंच किती पैसे वाचतात?

माझ्याच वहीतले दोन हिशेब देते. जेवणाचं सागवानी टेबल ४,५०० रुपयांना घेतलं. पॉलिश करायला १,८०० आणि टेम्पोला ६०० गेले, म्हणजे एकूण ६,९००. त्याच आठवड्यात सुताराने तसंच टेबल नव्या सागवानात करायचे २६,००० सांगितले होते. टेबल येऊन अकरा वर्षं झाली, एक खिळा हललेला नाही.

दुसरा हिशेब सायकलीचा. लेकीची छोटी सायकल १,५०० ला घेतली, तिचे पाय लांब झाल्यावर दोन वर्षांनी १,००० ला विकली. दोन वर्षांची सायकल ५०० रुपयांत पडली.

खरी बचत या दुसऱ्या हिशेबात आहे. नवी वस्तू दुकानाच्या पायरीवरून खाली उतरली की तिची किंमत धाडकन पडते. ती पडझड पहिल्या मालकाने सोसलेली असते. तुम्ही त्यानंतर घेता, त्यामुळे विकताना तुमचं फारसं जात नाही. मुलांच्या वस्तू, पुस्तकं, लाकूडसामान, तांबं-पितळ यांना हे अगदी लागू पडतं. विजेवर चालणाऱ्या वस्तूंना तितकं नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

हे कपडे येतात कुठून?

बोहारीण तुमच्या दारात आलेली असेलच. डोक्यावर स्टीलची भांडी, काखेत गाठोडं, आणि दुपारच्या शांततेत ‘भांडीऽऽ’ अशी हाळी. हे काम पिढ्यानपिढ्या करणारी कितीतरी कुटुंबं मूळ गुजरातेतल्या वाघरी समाजाची आहेत. बोहारीण जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडं देते. मग त्या गाठोड्याची निवड होते. चांगले कपडे वेगळे काढून धुतले जातात, उसवलेलं शिवलं जातं, बटणं लागतात, इस्त्री होते आणि ते जुन्या बाजारात किंवा आठवडी बाजारात जातात. त्याहून खालच्या प्रतीच्या सुती कपड्यांच्या चिंध्या होऊन गॅरेजमध्ये आणि छापखान्यात पुसायला जातात. लोकरी कापड हरियाणातल्या पानिपतला जातं, तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. एका सदऱ्यावर किती हातांचं पोट चालतं बघा. या बायकांना आपण दारावर दहा रुपयांच्या पातेल्यासाठी ताटकळत ठेवतो, ते मला आता बघवत नाही.

कापड तपासायला मी शिकले ती एका बोहारणीकडूनच. मी दिलेली पँट तिने घडी मोडून सरळ उन्हाकडे धरली. बैठकीच्या जागी कापड विरलं होतं, त्यातून ऊन चाळणीसारखं दिसत होतं. मी ती पँट वर्षभर वापरली होती आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. मग तिने साडीची निरी जिथे येते ती जागा बोटांनी चाचपली, शर्टाची कॉलर उलटून पाहिली, काखेतली शिवण ताणून पाहिली. दोन मिनिटांत दहा कपडे. त्या दिवसापासून मी कुठलाही कपडा आधी उजेडाकडे धरते.

मग कपडा तपासायचा कसा, ते सविस्तर सांगा.

उजेड पहिला. पँटची बैठक, मांड्यांची आतली बाजू, कोपरं, टाचेकडची किनार, या चार जागी कापड आधी विरतं. त्यानंतर कपडा उलटा करा. आतली बाजू खोटं बोलत नाही. शिवणीला आत दाब, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, भरपूर ठेवलेला असेल, तर शिंप्याकडून कपडा सैल करून घेता येईल. दाब नसेल तर आहे त्याच मापाचा. काखेत पिवळट, कडक झालेला डाग असेल तर सोडून द्या, तो निघत नाही. कॉलरची घडी घासली असेल आणि बाकी शर्ट चांगला असेल तर शिंपी कॉलर उलटवून देतो. पूर्वी ही कामं सर्रास व्हायची, आजही पेठेतले वयस्कर शिंपी करतात. चेन दोन-तीनदा वरखाली करून बघा. इलॅस्टिक ताणल्यावर कुरकुर आवाज आला तर ते मेलेलं आहे. बटण तुटलं असेल तर काळजी नको, पाच रुपयांचं काम.

लोकरीच्या कपड्याला कधी कधी कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागलेली असते. बारीक, सुईच्या टोकाएवढी भोकं जवळजवळ दिसली तर समजा. एखादं भोक रफू होतं, पण घरातल्या इतर लोकरीत कसर नको असेल तर आणल्या आणल्या तो कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच कपाटात घाला.

सूत कुठलं आहे याची शंका असेल तर घरी आल्यावर शिवणीतला एक दोरा काढून जाळा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. ‘प्युअर सिल्क’ म्हणून घेतलेल्या दोन साड्यांनी मला मणी दाखवला, तेव्हापासून मी रेशमी साडी घ्यायच्या आधीच पदराच्या दशीतला एखादा दोरा मागून घेते. विकणारी खात्रीची असेल तर नाही म्हणत नाही.

जुनी पैठणी किंवा जरीची साडी घ्यावी का?

घ्यावी, पण उघडून. जुनं रेशीम घडीवर चिरतं. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेल्या साडीची घडी उलगडताना बोटाला ती कोरड्या पानासारखी लागली तर अंगावर ती टिकणार नाही. अशी साडी नेसायला म्हणून घेऊ नका. पदर आणि काठ चांगले असतील तर ब्लाउज, दुपट्टा किंवा लेकीचं परकर-पोलकं होईल, तेवढाच भाव द्या.

हातमागाची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करून बघा. मोर, पोपट, कमळ दोन्ही बाजूंनी सारखेच स्वच्छ दिसले पाहिजेत. विणकर प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी गुंफतो, म्हणून मागे मोकळे धागे लोंबत नाहीत. मागच्या बाजूला धाग्यांचं जाळं दिसलं तर ती बहुधा यंत्रमागाची आहे.

आणि एक कळकळीने सांगते. आजीच्या ट्रंकेतली जड, काळवंडलेली जरीची साडी पातेल्यावर देऊन टाकू नका. पूर्वीच्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. जुनी जर विकत घेणारे लोक अशा साड्या चांदीच्या हिशेबाने घेतात. आधी दोन ठिकाणी दाखवा. आमच्या शेजारच्या काकूंनी सासूबाईंचा शालू एका कढईवर दिला होता, आणि पुढे कळल्यावर कितीतरी दिवस त्यांनी ती कढई वापरली नाही.

जायचं कुठे?

पुण्यात जुना बाजार. मंगळवार पेठेच्या बाजूला कुंभारवेशीजवळ, बुधवारी आणि रविवारी. रस्त्याकडेला ताडपत्री अंथरून माल मांडलेला असतो: हत्यारं, कुलपं, पितळी समया, ग्रामोफोनच्या तबकड्या, बूट, कॅमेरे, जुनी नाणी, कपडे, पाने-पकडी. ज्यांना हत्यारं कळतात त्यांच्यासाठी ही जागा म्हणजे खजिना आहे. माझे वडील इथून घेतलेल्या रंध्याने शेवटपर्यंत काम करत होते. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक.

मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार, त्यातही मटन स्ट्रीट: जुनं लाकूडसामान, दिवे, घड्याळं, सिनेमाची पोस्टरं. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात. मात्र कामाठीपुऱ्याजवळच्या डेढ गल्लीत शुक्रवारीच भल्या पहाटे बुटांचा बाजार भरतो, उजाडल्यावर गेलात तर आवराआवर चाललेली असते. मोठं लाकूडसामान हवं असेल तर जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. पुस्तकांसाठी फ्लोरा फाउंटनचे पदपथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल.

एक गोंधळ दूर करते. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरचे कपडे बहुतांशी नवे असतात, निर्यातीतून उरलेले किंवा किरकोळ खोट असलेले. स्वस्त असतात, पण ते वापरलेले नाहीत. दोन्हींचे भाव आणि तपासायच्या रीती वेगळ्या.

आणि बाजारात जाणं जमत नसेल तर सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. लहान मुलांच्या वस्तूंसाठी याहून चांगली जागा नाही, कारण वस्तू कुणाच्या घरातून येते आहे ते दिसतं. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवरही मिळतं. वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ पाठवू नका. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही की पिन टाकावा लागत नाही.

आणल्यावर स्वच्छ कसं करायचं?

सुती कपडे: सोसतील तेवढ्या गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, धुवा, कडक उन्हात उलटे वाळवा. रंग जाईल अशी भीती असेल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतली बाजू घासून बघा. रेशमी साडी सावलीत दोन दिवस मोकळी टाका, मग ड्रायक्लीनला. रिठ्याच्या पाण्यात घरीही धुता येते, पण जरीची नको. डांबरगोळीचा वास जाता जात नाही. वाऱ्यावर चार-पाच दिवस टांगणं हाच उपाय, अत्तर मारलं तर दोन्ही वास मिसळून आणखी वाईट होतं.

दुसऱ्याचं वापरलं की त्याचं दुःखही घरी येतं, असं सासूबाई म्हणतात. काय सांगू?

वाद घालू नका. त्यांची भावना त्यांच्या जागी खरी आहे. बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, दान करतात, आणि त्या दानात कुणाची तरी थंडी जाते. माझ्या सासूबाईंचाही विरोध होता. कपड्यांचं मी त्यांच्यापुढे कधी बोलले नाही. पण जुन्या बाजारातून एक पितळी डबा आणला होता, त्यावर बारीक टिंबांच्या अक्षरांत नाव घातलेलं होतं: ‘चि. सौ. कां. कमल हिस मामाकडून’, आणि खाली १९५८. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग त्यांच्या स्वतःच्या लग्नात मामाने दिलेल्या घागरीची गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. डबा चिंचेने घासला त्यांनीच. आता त्यात लाडू असतात.

जुन्या भांड्यांवरची ही नावं मला फार आवडतात. कुणाचं लग्न, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण. नाव खोडून घेऊ का, असं दुकानदार विचारतो. मी कधीच खोडू देत नाही.

तांब्या-पितळेची भांडी घेताना काय बघायचं?

खिशात लहान लोहचुंबक ठेवा. पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. नंतर भांडं बोटावर तोलून टिचकी मारा: चांगला, लांब घुमणारा नाद आला पाहिजे. भेग असेल तर आवाज बसका येतो. तळाशी डाग देऊन, म्हणजे झाळून, भोक बुजवलेलं आहे का ते बघा, पाणी भरून दोन मिनिटं थांबलं तरी कळतं.

भाव वजनावर असतो. त्या दिवशीचा मोडीचा भाव आधी विचारून जा, म्हणजे घडणावळीचे किती मागतायत ते लक्षात येतं.

पितळेत स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच. आमटी, ताक, चिंच-टोमॅटोचं काहीही कल्हई नसलेल्या पितळेत ठेवलं तर कळकतं, आणि ते पोटात जाणं चांगलं नाही. कल्हईवाला भांडं तापवून नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथिलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसतो आणि काळं पातेलं क्षणात चांदीसारखं होतं. हे बघायला आमच्या गल्लीतली मुलं अजून गोळा होतात. कल्हईवाले कमी राहिलेत. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत चौकशी करा.

लाकडी सामानाचं काय?

उचलून बघा. सागवान जड असतं, आणि ड्रॉवर ओढून आत नाक नेलं तर तेलकट, किंचित चामड्यासारखा वास येतो. ड्रॉवरच्या कोपऱ्यांचे जोड बघा: खिळे ठोकलेत की लाकडात खाचा पाडून एकमेकांत बसवलंय? खाचेचा जोड असेल तर सुताराने जीव लावून काम केलेलं आहे. वरून पॉलिश कितीही काळं पडलेलं असू दे. कडेला पापुद्रा सुटलेला दिसला तर ते प्लायवुडवर चिकटवलेलं विनियर, त्याला सागवानाचा भाव देऊ नका.

खाली वाकून पायांशी बघा. पिठासारखी बारीक भुकटी पडलेली असेल तर लाकडात भुंगा जिवंत आहे. मातीची नळी दिसली तर वाळवी. दोन्ही घरी आणायची नाहीत. सोफा आणि पलंग यांच्या फटींत, शिवणींत मोबाइलच्या दिव्याने ढेकूण आहेत का बघा: काळे ठिपके, सालपटं. एकही दिसला तर वस्तू फुकट असली तरी नको.

विजेवर चालणाऱ्या वस्तू?

पंखा, इस्त्री, शिलाई मशीन यांना मी हो म्हणते. जुन्या शिलाई मशिनीसारखी तर नवी मिळत नाही. फ्रिजला मात्र जपून. एका दुकानातून घेतलेला फ्रिज आमच्याकडे तीन आठवडे चालला आणि कॉम्प्रेसर गेला. दुकानदाराने तोंडी दिलेली हमी तोंडीच राहिली. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. हमी कागदावर, तारखेसह लिहून घेते. आणि स्टार लेबलवरचं वर्ष वाचते. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच स्टार म्हणजे आजचे पाच स्टार नव्हेत. जुना फ्रिज दिवसरात्र वीज ओढतो, आणि खरेदीत वाचलेले पैसे बिलातून जातात.

वापरलेला मोबाइल चोरीचा नाही हे कसं कळणार?

फोनवर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर येईल. तो नंबर बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. मग आपल्या मोबाइलवरून केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत, जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासा. फोन ब्लॉक केलेला किंवा नंबर दुसऱ्याच फोनचा असेल तर तिथे समजतं. विकणाऱ्याला फोनमधल्या त्याच्या गूगल किंवा ॲपल खात्यातून तुमच्यासमोर बाहेर पडायला सांगा. जुना मालक आत राहिला तर फोन तुमचा होत नाही.

बिल नाही म्हणणाऱ्याकडून मोबाइल, लॅपटॉप, गिअरची सायकल घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या चौथाईत कुणी नवाकोरा फोन देत असेल, तर ‘मला कल्पना नव्हती’ हे कुणाला पटणार नाही.

स्कूटर किंवा गाडी?

तो वेगळा आणि मोठा विषय आहे. इथे एवढंच: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं धरू नका, जुन्या मालकाची थकलेली ई-चलानं आणि बँकेचा बोजा आधी बघा, आणि विमा चौदा दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या.

काय अजिबात जुनं घेऊ नये?

हेल्मेट. एकदा आपटलं की आतला फोम दबतो आणि बाहेरून काही दिसत नाही. लहान बाळाची गाडीतली सीट त्याच कारणाने. गॅसची रबरी नळी, गाद्या-उशा, आतले कपडे, सौंदर्यप्रसाधनं, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, फुगलेल्या बॅटरीचं काहीही. प्रेशर कुकर मी घेत नाही. घ्यायचाच तर रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन्ही कंपनीचे नवे बसवून.

मुलांना जुनं दिलं तर त्यांना कमीपणा वाटेल का?

आपल्याला वाटतो म्हणून त्यांना वाटतो. लेक सात वर्षांची असल्यापासून मी तिला बाजारात नेते. शंभर रुपये द्यायचे आणि तिने स्वतः शोधायचं. एकदा तिने भिंग आणलं, एकदा कुठल्याशा गिरणीचा पितळी बिल्ला. वर्गात त्या बिल्ल्याची गोष्ट तिने अशी सांगितली की बाकीच्या मुलांनी घरी जाऊन हट्ट केला.

शाळेच्या पुस्तकांचं सांगायचं तर निकाल लागला की लगेच वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, जूनची वाट बघू नका. अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं साधारण निम्म्या किमतीत मिळतात. घेताना आतल्या पानावर आवृत्तीचं वर्ष वाचा. अभ्यासक्रम बदलला असेल तर पुस्तक फुकटही महाग. बालभारतीने २०२३ मध्ये काही इयत्तांच्या पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली होती. ती लिहून भरलेली पुस्तकं पुढच्या मुलाला फारशी कामाची नाहीत, तेवढं बघा.

घासाघीस किती करायची?

भाव सांगितला की लगेच निम्मा बोलायचा, असं लोक शिकवतात. मला ते आवडत नाही. मी आधी वस्तू नीट बघते, खोट असेल तर ती बोटाने दाखवते आणि ‘द्यायचं काय?’ एवढंच विचारते. खोट दाखवली की भाव आपोआप उतरतो, कारण समोरच्याला कळतं की हिला माल कळतो. मोठ्या दुकानात, सागवानी कपाटावर हवी तेवढी घासाघीस करा. ताडपत्रीवर चार शर्ट मांडून उन्हात बसलेल्या बाईशी दहा रुपयांवरून करू नका.

यातून पर्यावरणाचं खरंच काही भलं होतं का?

एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला बराचसा कापूस कोरडवाहू, पावसावरचा. त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण कापूस शेतातून निघाल्यावरचं पाणी कुठेही चुकत नाही: धुणं, रंगवणं, छपाई. पंचगंगेच्या काठच्या माणसाला विचारा. नदी खराब व्हायला शहरांचं सांडपाणी आणि साखर कारखाने आहेतच, पण इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणीही त्यात आहे. वापरात असलेला शर्ट आणखी तीन वर्षं चालला तर तेवढा नवा शर्ट रंगवावा लागत नाही. अट एकच, जुना घेतला म्हणून नवा घ्यायचा टाळला पाहिजे. जुनेही घेतले आणि नवेही, तर नदीला त्याचं काय?

स्वस्त म्हणून घर भरत जातं, त्याचं काय करू?

हा त्रास खरा आहे आणि मी त्यातून गेले आहे. एका वर्षी आमच्याकडे सात कंदील होते. आता नियम असा: जी वस्तू घरात कुठे ठेवायची ती जागा आधी डोळ्यांसमोर येत नाही, ती घ्यायची नाही. आणि एक आणली तर एक बाहेर. चांगले कपडे ‘माणुसकीची भिंत’ असेल तिथे, किंवा ‘गूंज’सारख्या संस्थेकडे द्या, धुऊन, बटणं लावून. फाटकं, मळकं देऊ नका. घेणाऱ्यालाही उजेडाकडे धरून बघायचा हक्क आहे.

पहिल्यांदा जाताना सोबत काय नेऊ?

दोन मोठ्या कापडी पिशव्या, मोजपट्टी, लोहचुंबक, पाण्याची बाटली, घड्याळ-रेडिओ लावून बघायला दोन सेल, सुट्ट्या नोटा. घरातल्या मोकळ्या भिंतीचं, दाराचं आणि जिन्याचं माप कागदावर लिहून न्या. कपाट आवडतं आणि जिन्यात अडकतं, असं फार जणांचं होतं. स्वतःचा मापाचा एक शर्ट पिशवीत टाका, कारण जुन्या कपड्यांवरचे आकडे जुळत नाहीत, शर्टावर शर्ट ठेवून मापलेलं चुकत नाही. पहिल्या फेरीत काही घेऊ नका, नुसतं शेवटपर्यंत चालत जा आणि परत येताना घ्या. पुण्यात असाल तर बुधवारी जा, रविवारपेक्षा गर्दी कमी असते आणि विकणाऱ्याला बोलायला वेळ असतो.